जेर, जबर, पेश: अरबी लिपीतल्या त्या बारीक खुणा नक्की करतात काय?

आखाती देशातल्या कुणा युवराजाची किंवा एखाद्या फुटबॉलपटूची बातमी आली की पहिल्या पानावर तो मोहम्मद असतो, आतल्या पानावर मुहम्मद आणि अग्रलेखात महंमद. मग कुणीतरी वैतागून म्हणतं की अरे एकदा काय ते ठरवा ना, मूळ अरबीत कसं लिहिलंय ते बघा आणि तसं छापा. गंमत अशी की मूळ अरबीत बघून फार काही हाती लागत नाही, कारण तिथे लिहिलेलं असतं फक्त म, ह, म, द. चार व्यंजनं, संपलं. मधले उ, अ, अ हे स्वर आणि दुसरा म डबल आहे ही माहिती, हे सगळं वाचणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून भरायचं.

हे स्वर दाखवायला अरबीत खुणा नाहीत असं नाही (वरच्या मथळ्यातले जेर, जबर, पेश ही त्यांचीच नावं). आहेत, चांगल्या तेराशे वर्षं जुन्या आहेत, फक्त रोजच्या लिखाणात त्या सहसा कुणी घालत नाही. आणि त्या खुणांची नावं काढून बघितली तर त्यातली बरीचशी मराठी माणूस आधीपासून वापरतोय, पोलिसांच्या बातमीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत.

आधी मूळ गोष्ट: अक्षरं आहेत, स्वर नाहीत

अरबीत २८ अक्षरं आणि मुळात ती सगळी व्यंजनांची. त्यातली तीन, म्हणजे अलिफ, वाव आणि या, डबल ड्यूटी करतात आणि आ, ऊ, ई हे लांब स्वरही दाखवतात. त्यामुळे लांब स्वर लिहिले जातात, त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न अ, इ, उ या तीन आखूड स्वरांचा. त्यांना स्वतःचं अक्षरच नाही, त्यांच्यासाठी अक्षराच्या वर किंवा खाली बारीकशी खूण करायची, तीही केली तर केली.

आपल्याकडे क लिहिला की त्यात अ फुकट मिळतो, आणि कि किंवा कु पाहिजे असेल तर वेलांटी-उकार द्यावाच लागतो, नाही दिला तर बाई वहीत लाल गोल करणार. अरबीत नुसतं अक्षर लिहिलं तर ते क, कि, कु किंवा पाय मोडलेला क् यातलं काहीही असू शकतं.

एक उदाहरण घेऊ. ह, क, म ही तीन अक्षरं एकापुढे एक लिहिली. हे हुक्म असेल तर अर्थ आदेश, म्हणजे आपला हुकूम. हकम वाचलं तर पंच, मॅचमधला रेफरी. हकमा वाचलं तर 'त्याने राज्य केलं'. हिकम वाचलं तर शहाणपणाच्या गोष्टी. कागदावर चारही शब्द सेम टू सेम.

मग वाचतात कसं?

पोरं मोबाइलवर रोमनमध्ये मराठी टाइप करताना 'काय' ला फक्त के आणि वाय लिहितात आणि 'नंतर बोलू' मधले सगळे स्वर गिळून टाकतात, तरी समोरच्याला कळतं, कारण त्याला मराठी येतं आणि आधीचं संभाषण माहीत असतं. अरबी वाचन असंच चालतं, फक्त तिथे ते जास्त शिस्तीत चालतं कारण भाषेची घडणच तशी आहे.

अरबीत शब्दाचा मूळ अर्थ बहुतेक वेळा तीन व्यंजनांत असतो, त्याला धातू म्हणू. स्वर बदलून, पुढेमागे एखादं अक्षर जोडून त्याच धातूचे वेगवेगळे शब्द पाडायचे, आणि हे पाडायचे साचे ठरलेले असतात. हकम चा धातू 'हुकमत चालवणे, निवाडा करणे' असा, त्यातून हुकूम, हाकिम, हुकूमत, आणि शहाणा या अर्थी हकीम (जो पुढे वैद्य झाला). ज्याला साचे पाठ आहेत त्याला वाक्यातल्या जागेवरून कळतं की इथे क्रियापद हवं की नाम, आणि स्वर आपोआप तोंडात येतात. म्हणून अरबी येणारा माणूस बिनखुणांचा पेपर भराभर वाचतो आणि नुसती अक्षरं शिकलेला आपल्यासारखा माणूस दुकानाच्या पाटीपुढेही अडकतो. लिपी शिकून अरबी वाचता येत नाही, अरबी आली की लिपी वाचता येते, हे जरा उलटं आहे पण आहे असं.

तरी चुका होतातच. आणि खुणांचा जन्म अशाच एका चुकीतून झाला असं परंपरा सांगते.

बसऱ्याची गोष्ट: तोंड बघ आणि ठिपका दे

सातव्या शतकात इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, इराकमध्ये, इराणात, जिथे लोकांची मायबोली अरबी नव्हती. आणि अरबीत शब्दाच्या शेवटचा स्वर ठरवतो की कर्ता कोण आणि कर्म कोण, म्हणजे आपल्याकडे 'ने', 'ला' प्रत्यय जे करतात ते तिथे शेवटचा उ, अ, इ करतो, आणि नेमका तोच लिहिलेला नाही. इराकमधल्या बसरा शहरातले विद्वान अबुल अस्वद अद्-दुअली (इ.स. ६८८ च्या सुमारास वारले) यांच्या कानावर कुराणातलं एक वाक्य चुकीचं वाचलेलं पडलं. नवव्या सूरेतली (अध्यायातली) तिसरी आयत, म्हणजे वचन. मूळ अर्थ असा की मूर्तिपूजकांशी ईश्वराचा संबंध उरला नाही आणि त्याच्या प्रेषिताचाही नाही. वाचणाऱ्याने एका शब्दात 'लु' च्या जागी 'लि' म्हटलं आणि अर्थ झाला की ईश्वराचा मूर्तिपूजकांशी आणि प्रेषिताशी संबंध उरला नाही. एका उकाराने केवढा घोळ. काही कथांत तर असंही आहे की बसऱ्याचा सुभेदार जियाद याने अबुल अस्वद आधी तयार होईनात म्हणून मुद्दाम त्यांच्या वाटेत माणूस बसवून असं चुकीचं वाचायला लावलं!

मग त्यांनी एक लेखनिक घेतला आणि त्याला सांगितलं की वेगळ्या रंगाची शाई घे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहा. मी तोंड उघडलं तर अक्षराच्या वर ठिपका दे. ओठ जवळ आणले तर अक्षराच्या पुढे ठिपका. आणि आवाज खाली मोडला तर अक्षराच्या खाली ठिपका.

आता अरबी नावं बघा. अ च्या खुणेचं नाव फतहा, म्हणजे उघडणं. इ च्या खुणेचं नाव कसरा, म्हणजे मोडणं. उ च्या खुणेचं नाव दम्मा, म्हणजे जवळ आणणं, जुळवणं (उर्दूत याचा उच्चार जम्मा होतो). नावं म्हणजे सरळ तोंडाला दिलेल्या सूचना आहेत, स्वतः अ, इ, उ म्हणून आरशात बघा, पटेल.

आणि हे धातू आपल्याकडे आलेत. उघडणं वरून फतह, शहर उघडलं म्हणजे जिंकलं, तीच आपली मोहीम 'फत्ते' होते. कुराणाची सुरुवात जिने होते ती फातिहा म्हणजे उघडणारी. मोडणं वरून कस्र, मोडून उरलेला तुकडा, गणितात अपूर्णांक, आणि मराठीत 'कसर', जी राहते किंवा भरून काढावी लागते. (कसूर मात्र वेगळा, त्यातला क आणि स दोन्ही वेगळी अक्षरं आहेत, मराठीत आल्यावर दोघं जुळे भाऊ दिसायला लागले.) दम्मा चा आपल्या 'जमा' शी संबंध आहे का, अर्थ इतका जुळतो म्हणून कुणी विचारेल. नाही, जमा चा धातू वेगळा.

ठिपक्यांची गर्दी आणि खलील

इथे एक गोंधळ नेहमी होतो तो मिटवून टाकू. अरबी अक्षरांना जे ठिपके असतात, बे ला खाली एक, ते ला वर दोन, से ला वर तीन, ते स्वरांचे नाहीत. ते एकाच आकाराची अक्षरं वेगळी ओळखायला आहेत. असे ठिपके थोडेफार आधीपासून होते, इजिप्तमधल्या इ.स. ६४३ च्या एका कागदावर ते दिसतात आणि तो कागद काय तर सैन्यासाठी मेंढ्या घेतल्याची पावती! पण ते सगळीकडे नीट लावायची मोहीम सातव्या शतकाच्या शेवटी इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात झाली असं मानतात.

म्हणजे आता काळे ठिपके व्यंजनाचे, लाल ठिपके स्वराचे. जुन्या कूफी वळणाच्या कुराणाच्या पानांवर ते लाल ठिपके आजही दिसतात. दिसायला सुंदर, पण लिहिणाऱ्याचे हाल, सारखी शाई बदला, आणि एकाच रंगात लिहिलं तर कुठला ठिपका कुणाचा ते देव जाणे.

हे सोडवलं खलील इब्न अहमद यांनी, आठव्या शतकात, तेही बसऱ्याचेच, अरबी छंदशास्त्राचे जनक. त्यांनी स्वराचे ठिपके काढून छोट्या छोट्या अक्षरांच्या आकृत्या आणल्या. उ साठी वर बारीकसा वाव. अ साठी वर आडवी पडलेली अलिफची रेघ, इ साठी खाली रेघ. व्यंजन डबल असेल तर वर शीन या अक्षराचं नुसतं डोकं. लांब ऊ चं अक्षर लहान करून आखूड उ ची खूण, एवढं सरळ. आता एकाच शाईत सगळं लिहिता येतं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात हुशार काम हे, पण ते लगेच सगळीकडे चाललं नाही. कवितांच्या वह्यांत चाललं, कुराणात घालायला मात्र बऱ्याच जणांचा विरोध, अकराव्या शतकात अंदलुसियातले (म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनमधले) अद्-दानी हे विद्वानसुद्धा कुराणात जुने रंगीत ठिपकेच बरे असं म्हणत होते, कारण रंग वेगळा असला की मूळ मजकूर कुठला आणि नंतरची भर कुठली हे स्पष्ट राहतं. मुद्दा चुकीचा नव्हता त्यांचा.

आणि मग जेर, जबर, पेश कुठून आले?

फारसीतून. इराणी लोकांनी लिपी अरबांकडून घेतली पण खुणांना आपली नावं दिली, आणि ती तोंडावरून नाही तर कागदावरच्या जागेवरून दिली. जबर म्हणजे वर, ही अ ची खूण. जेर म्हणजे खाली, ही इ ची. पेश म्हणजे पुढे, ही उ ची.

आता पेश ची खूण आज बघितली तर ती अक्षराच्या वर असते, पुढे नाही. मग नाव पेश का? बसऱ्याची ती सूचना आठवा, ओठ जवळ आणले तर ठिपका अक्षराच्या पुढे. लिखाण उजवीकडून डावीकडे, म्हणजे पुढे म्हणजे डाव्या बाजूला, आणि जुन्या पानांवर उ चा लाल ठिपका तिथेच दिसतो. खलीलनंतर खूण वर गेली पण फारसी नाव त्या जुन्या जागेशीच जुळतं.

मराठीत हे तिघंही मुक्कामाला आहेत. जबरदस्त म्हणजे ज्याचा दस्त, हात, जबर, वर आहे तो. जेर म्हणजे खाली, म्हणून शत्रूला जेर करायचं, जेरीस आणायचं. जेरबंद हा मुळात घोड्याच्या सामानातला पट्टा, तंगापासून खालून पुढे लगामाकडे जाणारा, घोड्याने मान उधळू नये म्हणून, आणि आज दर काही दिवसांनी पेपरात हेडिंग येतं 'बिबट्या जेरबंद'. पेश म्हणजे पुढे, म्हणून अर्ज पेश करतात, आणि जो सगळ्यांच्या पुढे तो पेशवा. १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांनी दरबारातल्या अशा पदांना संस्कृत नावं दिली, पण पेशवा हे नाव लोकांच्या तोंडून काही गेलं नाही.

म्हणजे जेरबंद हा शब्द त्या स्वराच्या खुणेवरून आला?

नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण असले लेख वाचून लोक भलतंच फॉरवर्ड करतात. वर, खाली, पुढे हे फारसीतले साधे रोजचे शब्द. त्यांच्यावरून एकीकडे खुणांची नावं पडली आणि दुसरीकडे जेरबंद, पेशवा हे शब्द झाले. ते मराठीत आले दरबारातून, १३४७ साली बहमनी राज्य सुरू झालं, मग निजामशाही, आदिलशाही, कित्येक पिढ्या कागदपत्रं फारसीत किंवा फारसीमिश्रित मराठीत. अरबी शब्दही बहुतेक याच फारसी वाटेने आले, थेट अरबस्तानातून नाही.

आणखी एक सापळा. 'जबरी चोरी' मधला जबरी हा वरचा जबर नाही. तो अरबी जब्र, बळजबरी. बीजगणिताच्या अल्-जब्र मधलाही तोच, आणि मोडलेलं हाड परत बसवणं यालाही अरबीत जब्रच म्हणतात, म्हणजे कस्र च्या बरोबर उलट. फारसी जबर मधला ज वेगळ्या अक्षराचा, अरबी जब्र मधला वेगळ्या, मराठीत दोन्हीला एकच ज, त्यामुळे सरमिसळ होऊन गेली आणि आता ती कुणी सोडवत बसत नाही.

बाकीची मंडळी

या सगळ्या स्वरखुणांना मिळून अरबीत हरकात म्हणतात, एकवचन हरकत, म्हणजे हालचाल. स्वर लागला की व्यंजन हलतं अशी कल्पना. तीच हरकत हिंदीत गेली आणि चाळा झाली, आपल्याकडे गाण्यात ती गळ्याची झटकन घेतलेली जागा आहे, आणि व्यवहारात आडकाठी, काही हरकत नाही. स्वर नसेल, व्यंजन नुसतं असेल तर वर छोटा गोल, त्याचं नाव सुकून, म्हणजे स्थिर राहणं, आपल्या हलन्तासारखं काम. याच धातूचा साकीन म्हणजे राहणारा, जुन्या मराठी कागदांत 'साकीन मौजे अमुक' असं असतंच.

डबल व्यंजनाची खूण शद्द किंवा तश्दीद, म्हणजे जोर. अलिफवर नागमोडी रेघ काढून आ लांबवतात ती मद्द, म्हणजे ताणणं, आणि त्याच धातूपासून वेळ ताणली की मुदत आणि हात पुढे केला की मदत. पुढच्या वेळी मुदत ठेवीचा फॉर्म भराल तेव्हा बघा. शब्दाच्या शेवटी खूण डबल केली की न् चा आवाज जोडला जातो, ती तनवीन. फौरन, तकरीबन यांच्या शेवटचा न असा आलाय, तिथे न हे अक्षर नसतंच, दोन जबर असतात.

खुणा घालण्याच्या कामाला तश्कील म्हणतात, शक्ल म्हणजे आकार त्यावरून, आणि आपण जी लढवतो ती शक्कल त्यातलीच. मुश्किल हाही त्याच धातूचा.

एवढं सगळं आहे तर सरळ सगळीकडे लावत का नाहीत?

लावतात की, जिथे चुकून चालत नाही तिथे. कुराणात प्रत्येक अक्षराला खुणा असतात, लहान मुलांच्या पुस्तकांत असतात, कवितेत पुष्कळदा असतात. पेपर, कादंबऱ्या, पाट्या, मेसेज यांत नाहीत, फक्त अगदीच घोटाळा होणार असेल तर तेवढ्या एका अक्षरावर देतात. उदाहरणार्थ आलम म्हणजे जग (आपली 'अलम दुनिया') आणि आलिम म्हणजे विद्वान, दोन्हींत फरक फक्त ल वर जबर की ल खाली जेर एवढाच.

आळस हे एक कारण आहेच, फोनवर प्रत्येक अक्षरासाठी वेगळं बटण दाबून धरायला वेळ कुणाला आहे. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वीसहून जास्त देशांत अरबी चालते, आणि बोलताना स्वर सगळ्यात जास्त बदलतात, मोरोक्कोवाला ते गिळतो, इजिप्तवाला वेगळे लावतो, इराकी अजून तिसरे. व्यंजनं मात्र बऱ्यापैकी टिकतात. स्वर लिहिलेच नाहीत की प्रत्येक जण तेच लिहिलेलं आपल्या तोंडाने वाचू शकतो. युवराजाच्या नावाचंही हेच, खुणा लावून वाचलं तर मुहम्मद, फारसी-उर्दू सवयीने मोहम्मद, मराठी वळणाने महंमद, आणि लिहिणं एकच. आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नव्हती आणि तरी शेकडो वर्षं हिशेब चोख लिहिले गेले.

किंमत मात्र मोजावी लागते. नवीन शिकणाऱ्याला त्रास, आणि कम्प्युटरला तर फारच. लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी सगळे स्वर अंदाजाने भरावे लागतात आणि मग बोलावं लागतं. सर्चचंही तसंच, खूण हे कम्प्युटरच्या लेखी वेगळं चिन्ह, त्यामुळे खुणा काढून टाकायची सोय केली नसेल तर खुणांसकट लिहिलेला शब्द बिनखुणांच्या शब्दाशी जुळतच नाही.

अरबीला चाललं, बाकीच्या भाषांना?

इथे खरी अडचण. साच्यांवरून स्वर ओळखायची सोय अरबीच्या घडणीत आहे, ती लिपी उधार घेतलेल्या भाषांत नाही. उर्दू आणि फारसी सवयीने निभावून नेतात, 'दर्द-ए-दिल' मधला तो 'ए' म्हणजे द खालचा एक जेर, तोही लिहायचा राहिला तर वाचणारा घालून घेतो. तुर्कीत आठ स्वर, त्यांना तीन खुणा कुठे पुरणार, आणि १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन घेतली तेव्हा हाही मुद्दा पुढे होता. उइगुर आणि सोरानी कुर्दीने लिपी ठेवली पण स्वरांना पूर्ण अक्षरं देऊन टाकली. आणि काश्मिरीत स्वर इतके बारीक आणि इतके जास्त की तिथे नवीन खुणा करून घेतल्या, आणि अरबीत ज्या ऐच्छिक आहेत त्या काश्मिरीत शब्दोशब्दी लिहाव्याच लागतात.